पांढरींतील हाडें : त्यांच्या परीक्षणाची पद्धति

गांवच्या पांढरींतून निघालेलीं नाणीं, मणी व खापरें जपून ठेवण्याची संवय महाराष्ट्रांतील संग्राहकांना आतां बरीच लागली आहे. परंतु त्याच मातींतून, आणि नाण्यांच्या कित्येक पट संख्येनें, निघणारीं जनावरांचीं हाडें मात्र सहसा कोणी उचलीत नाहीं. तीं मातीबरोबर गाडींत भरलीं जातात आणि शेतांत खत म्हणून पसरलीं जातात. ज्या काळाचा एकही लेख उपलब्ध नाहीं त्या काळीं लोक काय खात, काय पाळीत व कोणत्या जनावराच्या बळावर शेती करीत, या प्रश्नांना उत्तर देणारा इतका विपुल पुरावा दुसरा क्वचितच मिळेल. कागदपत्रांच्या काळांतही गरिबाच्या चुलीवर काय शिजत होतें हें दप्तरांतून फारसें कळत नाहीं. तेथेंही उकिरड्यांतील हाडांना विचारावें लागतें.

हा पुरावा विपुल आहे, पण सरळ नाहीं. जुना कागद हातीं आला तरी तो कोणत्या दप्तरांतला, अस्सल कीं नक्कल, मधलीं पानें गहाळ झालीं आहेत काय, हें ठरविल्यावांचून जाणता संशोधक त्यावर भिस्त ठेवीत नाहीं. हाडांचेंही तसेंच आहे. हाड कोठून आलें आणि तें आपल्या हातीं येण्यापूर्वीं त्याच्या जोडीचीं किती हाडें नाहींशीं झालीं, या दोन प्रश्नांचा निकाल लागल्यावरच त्याची साक्ष ग्राह्य होते. या दृष्टीनें अभ्यासक कोणत्या क्रमानें चालतात, हें थोडक्यांत सांगावें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. पूर्वेतिहास

या शास्त्राचा आरंभ साधारणपणें लुडविग र्‍यूटिमायर यांच्यापासून धरतात. स्वित्झर्लंडमधील सरोवरांच्या कांठीं खांबांवर वसलेल्या प्राचीन वस्त्यांतून निघालेल्या हाडांवरील त्यांचा ग्रंथ १८६१ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. हाडांवरून रानटी व पाळीव जनावरें वेगळीं ओळखण्याचा पद्धतशीर प्रयत्न त्यांत आहे. आपल्याकडे मोहेंजोदडो येथील प्राण्यांच्या अवशेषांचें वर्णन सेवेल व बी. एस. गुहा यांनीं केलें, व तें सर जॉन मार्शल यांच्या १९३१ सालच्या ग्रंथांत समाविष्ट झालें. हडप्पा येथील अवशेषांवर बैनी प्रशाद यांचा स्वतंत्र प्रबंध १९३६ सालीं निघाला. पुढें भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याचे भोला नाथ यांनीं अनेक स्थळांचीं हाडें तपासलीं. महाराष्ट्रांत हें काम मुख्यतः पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत वाढलें. आरंभींच्या लेखांचा भर कोणकोणतीं जनावरें सांपडलीं याची यादी देण्यावर असे. अलीकडे यादी ही केवळ पहिली पायरी मानली जाते.

२. थर व चाळण

पहिली अट अशी कीं प्रत्येक हाडाचा थर, खड्डा किंवा घर यांची नोंद तें उचलतांनाच झाली पाहिजे. उंदीर व घुशी यांचीं बिळें, मागाहून खणलेलीं पेंवें, झाडांच्या मुळ्या यांच्या योगें वरच्या थरांतील हाड खालीं जातें व खालचें वर येतें. म्हणून केवळ खोली पुरेशी नाहीं. तो थर अबाधित होता कीं नाहीं हेंही लिहून ठेवावें लागतें.

दुसरी अट चाळणीची. खणणाऱ्याच्या नजरेला बैलाच्या मांडीचें हाड चुकत नाहीं, परंतु शेळीच्या पायाचें लहान हाड, पक्ष्याचें नळीसारखें हाड किंवा माशाचा मणका मातीच्या ढेकळांत सहज निसटतो. सेबॅस्टियन पेन यांनीं ग्रीसमधील सितग्रोई येथें हातानें वेचलेल्या हाडांनंतर तीच माती चाळून पाहिली, आणि आपले निष्कर्ष १९७२ सालीं मांडले. गुरांचीं हाडें हातानें बरीच वेचलीं गेलीं होतीं. पण मेंढ्या, शेळ्या व डुकरें यांच्या हाडांचा फार मोठा भाग चाळणींतूनच निघाला. ज्या उत्खननांत चाळण वापरली नाहीं तेथें "लोक मुख्यतः गुरें पाळीत व मासे खात नसत" असें विधान केलें, तर तें प्राचीन लोकांविषयीं नसून खणणाऱ्यांच्या हातांविषयीं असण्याचा संभव आहे.

३. काय उरतें व काय जातें

जनावर मारलें गेल्यापासून त्याचें हाड अभ्यासकाच्या मेजावर येईपर्यंत त्यावर अनेक आपत्ति येतात. तें फोडून आंतील मगज काढला जातो, कुत्रीं तें चघळतात, ऊन व पाऊस यांनीं तें तडकतें, आणि आम्लधर्मी जमिनींत तें विरघळून जातें. या सर्व घडामोडींच्या अभ्यासाला इव्हान येफ्रेमोव्ह या रशियन शास्त्रज्ञानें १९४० सालीं टॅफोनॉमी असें नांव दिलें. आपण त्यास "अवशेष-परिणति-शास्त्र" म्हणूं.

यासंबंधीं दक्षिण आफ्रिकेचे संशोधक सी. के. ब्रेन यांचें उदाहरण बोधप्रद आहे. नामिब वाळवंटांत कुइसेब नदीच्या कांठीं राहणारे लोक शेळ्या पाळीत, त्यांचें मांस खात व हाडें टाकून देत. मग कुत्रीं तीं चघळीत. ब्रेन यांनीं अशीं टाकलेलीं हाडें गोळा करून १९६७ सालीं त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पुढच्या पायाच्या दंडाच्या हाडाचें कोंपराकडील टोक त्यांत पुष्कळ सांपडलें, आणि खांद्याकडील टोक जवळजवळ सांपडलेंच नाहीं. शेळ्या तर अख्ख्या मारल्या होत्या. याचें कारण असें कीं कोंपराकडील टोक भरीव असून लवकर पक्कें होतें. खांद्याकडील टोक सच्छिद्र असून उशिरां जुळतें व कुत्र्याच्या दांताखालीं टिकत नाहीं. हें ठाऊक नसतें तर एखाद्यानें "हे लोक खांद्याचें मांस देवाला वाहत असावेत" अशीही कल्पना लढविली असती. अमुक हाड नाहीं यावरून कांहीं सिद्ध करण्यापूर्वीं तें टिकण्याजोगें होतें काय हें प्रथम पाहिलें पाहिजे.

४. जाति ओळखणें

हाड कोणत्या प्राण्याचें हें वर्णनावरून किंवा चित्रावरून खात्रीनें ठरत नाहीं. त्यासाठीं ज्ञात जनावरांच्या सांगाड्यांचा संग्रह शेजारीं लागतो. अक्षराचें वळण ओळखण्यास त्याच लेखकाचा निर्विवाद कागद पुढें ठेवावा लागतो, तसाच हा प्रकार आहे. डेक्कन कॉलेजांत असा संग्रह आहे.

तरीही अडचणी उरतात. शेळी व मेंढी यांचे सांगाडे इतके सारखे असतात कीं पुष्कळ तुकडे "शेळी अथवा मेंढी" या एकाच सदराखालीं घालावे लागतात. योआखिम ब्योसनेक व त्यांचे सहकारी यांनीं १९६४ सालीं या दोहोंतील भेदांचें सविस्तर वर्णन केल्यापासून काम सुकर झालें. हिंदुस्थानांत त्यांच्या भरीला काळवीट व चिंकारा येतात. गाय, म्हैस व रोही यांच्या बाबतींतही असाच घोंटाळा होतो. म्हणून चांगल्या अहवालांत निश्चित, संभाव्य व अनिश्चित असे वर्ग स्पष्टपणें वेगळे ठेवलेले असतात. ज्या अहवालांत प्रत्येक तुकड्याला नांव मिळालें आहे, त्याविषयीं वाचकानें सावधच राहावें.

५. मोजणी

ओळख पटल्यावर मोजणी येते, आणि येथें फसगत होण्याचा संभव सर्वांत अधिक. पहिली रीत म्हणजे ओळखलेले सर्व तुकडे मोजणें. ही सोपी आहे. पण एक हाड दहा ठिकाणीं फुटलें तर तें दहादां मोजलें जातें. शिवाय सर्व जनावरांच्या अंगीं हाडें सारखीं नसतात. घोड्याच्या एका पायांत बोटांचीं हाडें तीन, गाईच्या पायांत मुख्य अशीं सहा, तर डुकराच्या पायांत बारा असतात. एक घोडा व एक डुक्कर यांचे पाय पुरले, तर तुकड्यांच्या मोजणींत डुकरें चौपट दिसतील.

दुसरी रीत टी. ई. व्हाइट यांनीं १९५३ सालीं रूढ केली. तींत कमींत कमी किती जनावरें असलीं पाहिजेत हें काढतात. समजा, मेंढीच्या दंडाच्या हाडाचीं खालचीं टोकें बारा मिळालीं, व त्यांत सात डाव्या बाजूचीं व पांच उजव्या बाजूचीं आहेत. एका मेंढीला डावें हाड एकच असल्यामुळें मेंढ्या निदान सात होत्या. ही संख्या खालची मर्यादा आहे, खरी संख्या नव्हे. आणि ढीग लहान असला तर एकाच हाडाचा प्राणीही कळपाच्या शेजारीं भारदस्त दिसूं लागतो. म्हणून दोन्ही आंकडे द्यावेत अशी पद्धत पडली आहे.

शेंकड्याच्या आंकड्यांतही एक फसवा गुण आहे. एका थरांत गुरांचीं १०० व मेंढ्यांचीं ५० हाडें असलीं, तर मेंढ्यांचें प्रमाण शेंकडा ३३ येतें. वरच्या थरांत गुरांचीं ५० व मेंढ्यांचीं पूर्ववत् ५० असलीं, तर तेंच प्रमाण शेंकडा ५० होतें. मेंढी एकही वाढली नाहीं, तरी कोष्टकांत मेंढपाळी वाढलेली दिसते.

६. वय, मापें व खुणा

जनावर कोणत्या वयांत मेलें हें दांतांवरून व हाडांच्या टोकांवरून कळतें. मेंढीची पहिली दाढ सुमारें तिसऱ्या महिन्यांत, दुसरी नऊ ते बारा महिन्यांत व तिसरी दीड ते दोन वर्षांत येते. पुढें दाढांची झीज वय सांगते. पेन यांनीं १९७३ सालीं तुर्कस्तानांतील आश्वान काले येथील जबड्यांवरून असें दाखविलें कीं कळप कशासाठीं पाळला होता हें मरणाच्या वयांवरून अनुमानितां येतें. दुधासाठीं पाळलेल्या कळपांत नर पिलें पहिल्या कांहीं महिन्यांतच मारलीं जातात. मांसासाठीं पाळलेल्या कळपांत नर दीड ते अडीच वर्षांचे होईपर्यंत वाढवितात. लोकरीसाठीं मात्र प्रौढ जनावरें पुष्कळ वर्षें राखतात.

मापें घेण्याची सर्वमान्य रीत अँगेला फॉन डेन ड्रीश यांच्या १९७६ सालच्या पुस्तकानें ठरली. मापांचा उपयोग बलुचिस्तानांत बोलन खिंडीजवळील मेहरगढ येथें उत्तम दिसून आला. तेथें जां-फ्रांस्वा जारिज यांच्या फ्रेंच मंडळानें १९७४ पासून उत्खनन केलें, व हाडांचा अभ्यास रिचर्ड मेडो यांनीं केला. अगदीं खालच्या थरांत चिंकाऱ्यासारख्या रानटी प्राण्यांचीं हाडें बहुसंख्य होतीं; जसजसें वर यावें तसतशीं गुरांचीं हाडें वाढत गेलीं आणि गुरांचा आकार लहान होत गेला. माणसाच्या हाताखालीं आल्यावर जनावर पिढ्यानुपिढ्या खुजें होतें असा अनुभव अन्यत्रही असल्यामुळें, वशिंडाचीं गुरें याच भागांत माणसाळलीं या मतास त्यामुळें मोठें बळ आलें.

याखेरीज हाडांवरील खुणा वाचावयाच्या असतात. सुरीची खूण बारीक व धारदार असते, कुत्र्याच्या दांताची खोलगट व गोलसर. सांध्याभोंवतालच्या खुणा खाटकाच्या, तर डोक्याच्या व पायांच्या कडेच्या बहुधा कातडें सोलणाराच्या. बैलाच्या पायाच्या बोटांचीं हाडें रुंद व गाठाळ झालीं असतील, तर त्यानें नांगर किंवा गाडी ओढली असावी अशी शंका घेतां येते. पण म्हातारपणानेंही तसें होतें, म्हणून एका हाडावर असें अनुमान उभारूं नये.

७. इनामगांवचें उदाहरण

आतां या नियमांचा उपयोग आपल्याच प्रांतांत पाहूं. पुणें जिल्ह्यांत शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव आहे. तेथें डेक्कन कॉलेजानें १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें, व ढवळीकर, सांकळिया आणि अन्सारी यांचा अहवाल १९८८ सालीं प्रसिद्ध झाला. वस्तीचे तीन कालखंड मानतात : माळवा संस्कृतीचा, इ. स. पू. १६०० ते १४००. पूर्व जोर्वे, इ. स. पू. १४०० ते १०००. व उत्तर जोर्वे, इ. स. पू. १००० ते ७००. दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांतील हाडांच्या अभ्यासांत पी. के. थॉमस यांचा वाटा मोठा आहे. इनामगांवच्या हाडांत गुरें प्रमुख असून शेळ्या, मेंढ्या, म्हशी, कुत्रीं व रानांतील हरणें यांचेही अवशेष मिळाले. गुरांच्या हाडांवर कापल्याच्या व भाजल्याच्या खुणा आहेत. म्हणजे त्या काळीं गुरांचें मांस खाल्लें जात होतें. ही गोष्ट आजच्या कोणाच्या भावनेला रुचो वा न रुचो, पुरावा आहे तसा मांडणें हेंच संशोधकाचें काम.

उत्तर जोर्वे काळांत गुरें घटलीं, शेळ्या-मेंढ्या व शिकार यांवरील भर वाढला, चौकोनी घरांच्या जागीं गोल झोंपड्या आल्या; याचें कारण इ. स. पू. १००० च्या सुमारास हवा कोरडी झाली व शेती खालावली, असें मत ढवळीकर यांनीं मांडलें. मत भारदस्त आहे व त्याचा बोलबालाही झाला. परंतु वर सांगितलेले नियम येथेंच लागू करावयाचे. गुरांच्या हाडांची संख्या खरोखर उतरली, कीं केवळ प्रमाण बदललें? दोन्ही काळांचे थर सारख्याच काळजीनें चाळले होते काय? वरचा थर जमिनीलगत असल्यामुळें तेथील हाडें ऊन-पावसानें व नांगरानें अधिक झिजलीं काय? मारलेल्या जनावरांचीं वयें बदललीं काय? दुष्काळांत लोक दुभत्या गाईही मारतील. सुबत्तेंत तसें करणार नाहींत. या प्रश्नांचीं उत्तरें अनुकूल आलीं तर मत दृढ होतें. न आलीं तर तें दुरुस्त करावें लागतें. दोन्ही प्रसंगीं उपयोगीं पडतात तीं हाडें व त्यांच्या नोंदी. मत मागाहून येतें.

८. सुरकोटडा येथील घोड्याचा वाद

एका हाडावर केवढा वाद उभा राहूं शकतो याचें उदाहरण कच्छमधील सुरकोटडा होय. जगत्पति जोशी यांनीं तेथें १९७१–७२ सालीं उत्खनन केलें. हडप्पा संस्कृतीच्या थरांत घोड्याचीं हाडें मिळाल्याचें ए. के. शर्मा यांनीं १९७४ सालीं जाहीर केलें. वैदिक आर्यांच्या आगमनाच्या प्रश्नाशीं घोड्याचा संबंध जोडला जात असल्यामुळें हीं हाडें साऱ्या जगाच्या नजरेसमोर आलीं. हंगेरीचे तज्ज्ञ शांदोर बोकोन्यी यांनीं तीं तपासून कांहीं हाडें खऱ्या घोड्याचीं आहेत असा निर्वाळा दिला. रिचर्ड मेडो व अजिता पटेल यांनीं १९९७ सालीं त्यावर आक्षेप घेतले.

वादाचें मूळ प्राणिशास्त्रांत आहे. कच्छच्या रणांत आजही रानगाढव, ज्यास तेथें घुडखर म्हणतात, हिंडतें. त्याचा सांगाडा घोड्याच्या सांगाड्याशीं फार मिळता आहे. दोहोंतील भेद दाढांवरील दंतवल्काच्या वळ्या व बोटांच्या हाडांचीं मापें यांवरून ठरवावा लागतो, आणि लहान घोडा व मोठें रानगाढव यांचीं मापें एकमेकांत मिसळतात. म्हणून ज्याला निर्णय हवा आहे त्यानें आर्यांविषयींचें आपलें मत क्षणभर बाजूस ठेवून वळ्या व मापें यांचीं कोष्टकें पाहावीं. हडप्पा काळीं घोडा होता, अथवा नव्हता, असें ठासून सांगणारे बहुतेक लेखक या कोष्टकांपर्यंत पोंचलेलेच नसतात.

९. नव्या पद्धति

गेल्या कांहीं दशकांत रसायनशास्त्राची मदत मिळूं लागली आहे. हाडांतील कोलॅजेन या द्रव्याची घडण जनावरागणिक थोडी निराळी असते. तीवरून बारीक तुकड्याचीही जाति ओळखण्याची रीत मायकेल बकली व त्यांचे सहकारी यांनीं २००९ सालीं मांडली, आणि शेळी-मेंढीचा जुना घोंटाळाही तिनें बराच सुटतो. दांतांतील कार्बनाच्या समस्थानिकांवरून जनावरानें कोणत्या वर्गाच्या वनस्पति खाल्ल्या हें कळतें : ज्वारी-बाजरीचा कडबा एका वर्गाचा, तर भाताचा पेंढा व गव्हाचा भुसा दुसऱ्या वर्गाचा. मात्र आपल्याकडील पावसाळी गवतांपैकीं पुष्कळ ज्वारीच्याच वर्गांत मोडत असल्यामुळें कडबा व कुरणांतलें गवत यांत फरक करणें कठिण जातें. उष्ण प्रदेशांत कोलॅजेन व जनुकद्रव्य लवकर नष्ट होतें, ही दुसरी अडचण. तात्पर्य, नव्या यंत्रांनीं जुन्या नियमांना रजा मिळत नाहीं. ज्या हाडाचा थर ठाऊक नाहीं, त्याची जाति यंत्रानें ठरविली तरी काळ ठरत नाहीं.

१०. संग्राहकांस विनंति

यावरून संग्राहकांचें कर्तव्य काय हें उघड आहे. पांढरींत हाडें दिसलीं तर तीं उकरून काढूं नयेत. संरक्षित स्थळीं परवानगीवांचून खणणें १९५८ च्या कायद्यानें निषिद्ध आहेच. पण जेथें कायद्याचा अडसर नाहीं तेथेंही उकरलेल्या हाडाची निम्मी साक्ष जागच्या जागीं नाहींशी होते. जागा, खोली, मातीचा रंग व शेजारचीं खापरें यांची टिपणी करावी, छायाचित्र घ्यावें, व राज्याच्या पुरातत्त्व खात्यास किंवा डेक्कन कॉलेजास कळवावें. माती नेतांना किंवा पाया खणतांना जीं हाडें आधींच बाहेर पडलीं असतील तीं घांसून धुऊं नयेत, त्यांवर रोगण लावूं नये. सावलींत वाळवून, एका जागेचीं एकत्र, कागदांत गुंडाळून चिठ्ठीसह ठेवावीं. चांगलीं दिसणारीं निवडून बाकीचीं टाकूं नयेत, कारण मोजणीला मोडके तुकडेही लागतात.

दप्तर जळालें तरी त्याची एखादी नक्कल दुसऱ्या घरीं निघण्याची आशा असते. पांढर एकदां गाड्यांत भरून शेतांत गेली म्हणजे तिची नक्कल कोठेंही नसते. प्रत्येक वर्षीं अशीं टेकाडें खचत आहेत. ज्यांना जुने कागद वाळवीपासून वांचविण्याची तळमळ आहे, त्यांनीं या न लिहिलेल्या दप्तराकडेही त्याच दृष्टीनें पाहावें, एवढीच विनंति.